ओलं लाकूड

पत्र आलं तेव्हा मी सहावीच्या पोरांना मडक्याला छाया कशी द्यायची ते शिकवत होतो, आणि पन्नास पोरांत एकाचंही मडकं मडक्यासारखं दिसत नव्हतं. डिसेंबर १९९४. जालन्यात दोन दिवसांची छापचित्र परिषद भरणार होती. बडोद्याहून सत्यशीलाबाई प्रात्यक्षिकं दाखवायला येणार होत्या. मराठवाड्यातल्या कलावंतांनी आपला एकेक लाकडी ठसा सोबत आणावा, त्यातला एक निवडून मोठ्या प्रेसवर, परदेशी कागदावर छापून दाखवला जाईल, असं खाली लिहिलं होतं. मला कलावंत म्हणणारं ते आठ वर्षांतलं पहिलं पत्र. घनसावंगीत मला ड्रॉइंगवाले सर म्हणतात आणि झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी फळा रंगवायला बोलावतात.

रजेचा अर्ज घेऊन गेलो तर हेडमास्तरांनी विचारलं, छापचित्र म्हणजे नेमकं काय? मी सांगितलं, फळीवर चित्र कोरायचं, शाई फासायची, वर कागद ठेवून दाबायचा, की चित्र कागदावर उतरतं. "म्हणजे रबरी शिक्क्यासारखं," ते म्हणाले. मी हो म्हणालो. रजा मिळाल्याशी मतलब.

माझ्याकडे दाखवण्यासारखा ठसा एकच होता. कॉलेजात असताना कोरलेले बाकीचे सगळे चुलीत गेले, त्याचं मला दुःख नाही, चांगले जळाले. जो राहिला होता तो माझा उरलाच नव्हता. तो माझ्या आईच्या देव्हाऱ्यात होता.

तो ठसा माझ्या धाकट्या भावाचा, बिरूचा. मी औरंगाबादला कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो आणि दिवाळीच्या सुटीत घरी आल्तो. बिरू तेव्हा अठरा वर्षांचा, आमची साठ मेंढरं एकटा वळायचा. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. वाटेत पडलेल्या कडुलिंबाच्या झाडाची फळी त्यानंच खांद्यावरून आणली आणि माझ्यासमोर टाकली. मग दोन दिवस दारात बसवून मी त्याला बघत बघत सरळ फळीवरच कोरला. त्याला काही एका जागी बसवत नव्हतं.

"चेहरा कोरून राह्यला का दात कोरून राह्यला रे?" तो म्हणायचा. "मेंढरं उपाशी मरतील तिकडं."

त्याच्या डाव्या भुवईवर मेंढ्याच्या शिंगाची खोक होती. ती मी फळीवर डावीकडेच कोरली. छापताना चित्र उलटं होतं, म्हणून ठसा उलटा कोरायचा असतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मी आळस केला. वाटलं, माणसाच्या तोंडाला काय उलटं आणि काय सुलटं. प्रेस नव्हताच. चमच्याच्या पाठीनं घासून मी तीन छाप काढले. एक परीक्षेला दिला. एक मुंबईच्या प्रदर्शनाला गेला तो परत आला नाही. तिसरा हॉस्टेलच्या पेटीत वाळवीनं खाल्ला. मला काही वाटलं नाही. ठसा हाताशी असला की छापाची काळजी कोण करतं?

पुढच्या मे महिन्यात, दिवस मावळताना, अंबडच्या रस्त्यावर एक ट्रक मेंढरांत घुसला. अकरा मेंढरं गेली आणि बिरू गेला. त्याचा फोटो आयुष्यात एकदाच निघाला, तो पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी काढला. तो मी पाहिलाय. माझ्या आईनं तो पाहू नये म्हणून मी काय काय केलं ते माझं मला माहीत.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. चांदीचा नाहीतर पितळेचा छोटा पत्रा असतो, त्यावर माणसाची आकृती ठोकलेली. तो देव्हाऱ्यात बिरोबा-खंडोबाच्या टाकांशेजारी बसतो आणि मग तो माणूस घरातच राहतो. आईनं बिरूचा टाक करायचा म्हटल्यावर भावकीतले अप्पाराव म्हणाले, "बिनलग्नाच्या पोराचा टाक बसवत नसतेत, जयवंताबाई." आईनं ऐकून घेतलं. ती भांडली नाही. दहावा-बारावा झाला, पाहुणे गेले, तशी तिनं माझ्या खाटेखालून ती लिंबाची फळी काढली आणि देव्हाऱ्यात उभी केली.

"टाकातलं माणूस कसंबी दिसतं," ती म्हणाली. "ह्यो तर बिरूच हाय."

सात वर्षं तिनं त्याला भंडारा वाहिला, तेलाचा हात फिरवला. प्रेमानं लाकूड टिकत नाही. हळद आणि तेल कोरलेल्या रेघांत बसत गेलं, थरावर थर चढला आणि चेहरा बुजत चालला. एकदा सकाळी ती फळीवर बोट फिरवत बसलेली दिसली. "म्हस्कू," तिनं मला विचारलं, "ह्याचा डोळा कुठं गेला रे?"

म्हणून मी जालन्याला निघालो. कलावंत म्हणवून घ्यायची हौस नव्हती असं मी म्हणणार नाही, होती, चांगली मणभर होती. पण आईला मी शब्द दिला होता की बिरूचं तोंड चांगल्या कागदावर उतरवून आणतो, काच लावून देतो, मग लाकूड काळं पडलं तरी बिघडत नाही. तिला दोन दिवस पटेना. देव घराबाहेर जातो तो जत्रेत दुसऱ्या देवांना भेटायला, एरवी नाही. शेवटी तिनं माझ्या परिषदेची जत्रा करून टाकली. "दोन दिसांत माघारी आन," म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं माझ्या हातात नव्या पिवळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं दिलं. बायको बाळंतपणाला माहेरी गेल्ती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

"मांडीवर ठिव. पायाखाली ठिवू नको. कुनाचा पाय लागू दिऊ नको."

जीपमध्ये आम्ही सतराजण होतो. अंबड यायच्या आत माझी पँट ओली झाली. शेजारचा म्हणाला, "सर, काय सांडून राह्यलं?"

"दही," मी म्हणालो.

काय झालं असणार ते मला तेव्हाच कळलं. देवाला भेटीला न्यायचं तर आधी टाक चिंचेनं घासतात, दुधापाण्यानं न्हाऊ घालतात, रात्रभर परातीत पाण्यात ठेवतात. पितळ काय, चांदी काय, त्यांना पाण्याचं भय नाही. तिनं बिरूलाही तसंच न्हाऊ घातलं होतं. मळक्या अंगानं पोराला पाहुण्यांत कोण पाठवतं? आणि ती असं करणार हे मला, तिच्या पोटच्या पोराला, आधी सुचायला पाहिजे होतं.

परिषद जुन्या जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात होती. धान्याच्या आडतींमधून, पोत्यांना खेटत ऑटो गेली. दारावर अजून कालच्या लग्नाची आंब्याची पानं होती. वधूपक्षाच्या खोलीत धातूवरच्या छपाईची प्रात्यक्षिकं, वरपक्षाच्या खोलीत लाकडावरची. हे सगळं घडवून आणलं होतं धर्मराजनं. त्याच्या वडिलांची लोखंडाची मिल, हा बडोद्याला चित्रकला शिकून आलेला. फोटो बघून त्यानं मिलच्या वर्कशॉपात प्रेस बनवून घेतला होता, आणि गव्हाच्या पोत्याएवढा त्याचा रूळ सगळ्यांना थोपटून दाखवत होता.

"जालन्यात लोखंडाला काय तोटा, सर? बडोद्याच्या प्रेसच्या दुप्पट वजनाचा आहे."

मी गच्चीवर गेलो आणि गाठोडं सोडलं.

आधी मला आनंद झाला, तो सांगितला पाहिजे. सात वर्षांचा थर तिनं चिंचेनं घासून काढला होता. बिरूचे डोळे होते. खोक होती. खालचा ओठ, हसू दाबताना तो एका बाजूला ओढायचा, तसाच होता. मी त्याच्याकडे बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग नख लावून पाहिलं तर लाकडात नख रुतलं. चेहऱ्याची बाजू फुगली होती आणि फळीला कौलासारखा बाक आला होता.

भिजलेलं लाकूड सावलीत, वजनाखाली, पंधरा दिवस वाळवायचं. हे मी शाळेतल्या पोरांकडून घोकून घेतलंय. आणि मी काय केलं, तर तो ठसा गच्चीवर कडक उन्हात ठेवला. दोन तासांनी हात लावला, वरून कोरडा लागला. बाकही कमी झाल्यासारखा दिसत होता. पोटात पाणी तसंच असणार हे मला कळत होतं, पण कळणं आणि वळणं यांच्यात माझं नेहमीच अंतर राहिलंय.

दुपारी वरपक्षाच्या खोलीत पन्नासेक माणसं जमली. टेबलावर चौदा ठसे मांडलेले. सहा गणपती, तीन मोर, बाकीच्यांत बैलगाड्या. सत्यशीलाबाई साठीच्या, बारीक चणीच्या, नखांत कायमची शाई. एकेक ठसा उचलून त्या बघत आल्या, बिरूपाशी थांबल्या आणि मग पुढे गेल्याच नाहीत.

"हा कुणाचा?"

मी हात वर केला.

"कोण आहे हा?"

"मेंढपाळ आहे एक," मी म्हणालो. "आमच्या भागातला."

माझा भाऊ आहे, एवढंच म्हणायचं होतं. शहरातली जीन्सवाली पोरं माझ्याकडे वळून बघत होती. मला वाटलं, भाऊ म्हटलं की पुढचंही सांगावं लागेल, मेंढरं, ट्रक, देव्हारा. त्यापेक्षा मेंढपाळ बरा.

बाईंनी ठसा गालाला लावून पाहिला. "गार लागतोय जरा. लाकूड कोरडं आहे ना?"

आता बोलायचं होतं. माझ्या आईनं त्याला रात्रभर न्हाऊ घातलंय, असं म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलं होतं. पण ते ऐकून ही पन्नास माणसं हसतील, जेवताना एकमेकांना सांगतील, पुढच्या परिषदेतही सांगतील, असं मला स्पष्ट दिसलं. मला माझ्या आईची लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

"कोरडं आहे मॅडम. बराबर कोरडं आहे."

"जुना ठसा दिसतोय," त्या म्हणाल्या. "प्रेसचा दाब फार आहे. आपण हातानं काढू या का? चमच्यानं घासून. तेही प्रात्यक्षिकच आहे."

मला वाचवायला दुसरं कुणी यायची गरज नव्हती. बाई स्वतःहून सुटकेचा दोर टाकत होत्या. पण धर्मराजचं तोंड उतरलं, आणि माझ्या मनात आलं, चमच्यानं तर मी घनसावंगीतही घासलं असतं, मग इतक्या लांब आलो कशाला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"प्रेसवरच काढा मॅडम," मी म्हणालो.

बाईंनी शाई फार सुंदर लावली. हातातला शाईचा रूळ इतका हलका फिरवला की बिरूच्या भुवईचा केसन् केस वर आला. जाड पांढरा कागद ठेवला, वर लोकरीचं फडकं. धर्मराजनं चाक फिरवलं. पापड मोडावा तसा आवाज आला. लोक प्रेसच्या बोल्टकडे बघायला लागले. मी कुठेच बघितलं नाही. दुसरा आवाज आला तशा बाई ओरडल्या, "थांबवा!" पण तोवर फळी रुळाखालून पलीकडे गेलेली.

बाईंनी कागद उचलला. बिरू कागदावर होता. कपाळापासून डोळ्यातून हनुवटीपर्यंत एक पांढरी पट्टी गेली होती. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं असंच चित्र आहे. खाली फळीचे दोन तुकडे पडले होते. बाईंनी फटीत बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"आत ओलं आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. चारचौघांत रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पुन्हा कोरा. माणूस ओळखीचा आहे ना? पुन्हा बसेल समोर."

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी थांबलो नाही. पहिल्या बसनं निघालो. छाप गुंडाळून हातात, तुकडे पिवळ्या फडक्यात मांडीवर. शाई अजून वाळली नव्हती, फडक्याला काळे डाग पडले होते.

आई दारातच होती. मी लवकर आलो म्हणून ती खूश झाली. मी काही बोलायच्या आत तिनं पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा आणला, गाठोड्यावरून ओवाळून तुकडा लांब फेकला, माझ्या पायांवर पाणी घातलं. देव घरी येतो तेव्हा करतात तसं सगळं केलं. मी तिच्यापुढे आधी छाप धरला.

तिनं तो उजेडाकडे वळवला आणि भुवईवर बोट ठेवलं. पट्टीबद्दल काही बोलली नाही.

"ही खोक उजवीकडं कशी?"

"कागदावर उलटं येतं, माय."

"मंग ह्यो बिरू न्हाई," ती म्हणाली. "दुसऱ्याच कुनाचं तरी पोरगं हाय." आणि तिनं गाठोड्याकडे हात केला.

दोन्ही तुकडे तिनं मांडीवर घेतले, एकमेकांना जुळवले, फटीवरून अंगठा फिरवला. जुळवून धरले की तो अजूनही दिसत होता, हात सोडला की दोन फळकुटं. तिचा अंगठा काळा झाला.

"खंडित झाला," ती म्हणाली.

खंडित देव घरात ठेवत नाहीत. हे मला जालन्यातच आठवलं होतं, आणि बसमध्ये मी देवाला एवढंच मागत होतो की तिला आठवू नये. तिला न आठवायला काय झालं?

"गंगेला न्यावं लागंल," ती म्हणाली. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. मग तिनं मान वर केली. "म्हस्कू, वला व्हता का रे त्यो?"

"न्हाई माय."

"बराबर सांग. म्या न्हाऊ घातलं म्हनून मोडला का?"

"न्हाई, न्हाई. मशीनच खराब व्हती. लोखंडाचा ह्यो एवढा रूळ. कुनाचाबी ठसा मोडला असता."

"बाकीच्यांचे मोडले?"

"मोडले," मी म्हणालो. "लई मोडले."

"मंग बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिला घेऊन नदीवर गेलो. तिनं हळदकुंकू वाहिलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही तुकडे सोडले. लाकूड बुडत नसतं हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. बिरूचे दोन्ही अर्धे पाण्यावर तरंगत फिरायला लागले, एक उताणा, एक पालथा, आणि पुन्हा काठाला, तिच्या पायांशी आले. आई माझ्याकडे बघायला लागली. मी पाण्यात शिरलो, पिवळ्या फडक्यात दोन्ही तुकडे घातले, वर दोन दगड घातले, गाठ मारली आणि खोल पाण्यात जाऊन सोडलं. गाठोडं खाली जाईपर्यंत मी त्यावर हात दाबून धरला होता. बुडबुडे येत राहिले. ते थांबेपर्यंत मी हात काढला नाही, आणि रडलो ते तिथेच, तिच्याकडे पाठ करून.

छाप मी पेटीत ठेवला. परिषदेचं प्रमाणपत्र नंतर टपालानं आलं, त्यावर माझं नाव चुकलं होतं.

पौषाच्या अमावास्येला आई देव न्हाऊ घालायची. दर अमावास्येला घालायची, मला कळतंय तेव्हापासून. बायको तान्ह्या पोरीला घेऊन आली होती. तिनं परात मांडली, चिंच भिजवली, दूध बाजूला काढलं. आई देव्हाऱ्यापुढे बसली, बिरोबाचा टाक हातात घेतला आणि परात पायानं हळूच लांब सारली. मग पदराच्या कोरड्या टोकानं टाक पुसला आणि जागेवर ठेवला. दुसरा घेतला. तोही तसाच पुसला.

"सासूबाई, पाणी?" बायकोनं विचारलं.

"नगं," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

मी दारात उभा होतो. माझं खोटं तिनं त्याच दिवशी ओळखलं होतं आणि माझ्यासाठी गिळून टाकलं होतं. त्यानंतर नऊ वर्षं ती जगली. त्या नऊ वर्षांत आमच्या घरच्या देवांना पाणी लागलं नाही.